मावेल तेवढी आई

४ ऑगस्ट

लेकी,

सगळं ठीक आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू पाणी प्यायला उठणार नाहीस. खारू जेवते, भांडते, पाय धुवायचे म्हटलं की पलंगाखाली शिरते. माझे गुडघे अजून माझ्याच ताब्यात आहेत. हे लिहायला खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर बसलेत. जन्मभर औषधाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यामुळे अक्षरही तसंच, कडू पण गुणकारी. (हे वाक्य मी नाइलाजाने लिहिले आहे. — कंपाउंडर.)

आता पाणी पी.

कोर्टाचा कागद आलाय. खारूच्या आत्यानं अर्ज केलाय. जावई जहाजावर, म्हणून भावाच्या वतीनं बहीण. तुम्ही दोघं वेगळे झालात तेव्हा कोर्टानं खारू तुझ्याकडे दिली होती. आत्या म्हणते, आईकडे दिलेली मुलगी आईकडे आहेच कुठे? आई परगावी नोकरी करते आणि मुलगी 'एका निरक्षर वृद्धेजवळ पडून आहे, जिथे तिला एक पानही वाचून दाखवणारे कोणी नाही.' तेव्हा मुलगी आत्याला द्यावी. आत्याचं घर मोठं, पुस्तकांचं कपाट काचेचं. वृद्धा म्हटल्याचा मला राग नाही, आरसा माझ्याकडेही आहे. पण पडून आहे म्हणजे काय? जागेपणी ही पोर एक मिनिट पडलेली मी पाहिली नाही.

कोर्टाच्या एक बाई घर बघायला येणार आहेत. महिन्याभरात कधीही, न सांगता. त्या लिहितील त्यावर ठरणार की खारू आपल्याकडे राहते की आत्याकडे जाते. एवढं ध्यानात ठेव, बाकी माझी बडबड.

तू पाठवलेली पुस्तकाची नमुना प्रत पोचली. छान आहे हो तुझी म्हैस. कंपाउंडर म्हणतात ती पाणघोडी आहे. असेल. आई एवढी थोराड की पिल्लू जाईल तिथं ती मावतच नाही, म्हणून जेवढी मावेल तेवढी स्वतःला आत सारते. झोक्यावर नुसती हनुवटी, तंबूत एक कान, शाळेच्या खिडकीत एक डोळा. खारूनं पाहिलं आणि विचारलं, "हिची बाकीची आई कुठे ठेवलीय?" मी काय सांगणार? लोकांच्या पोरांसाठी आया रंगवतेस आणि स्वतःच्या पोरीला आई पोस्टानं धाडतेस.

रोज संध्याकाळी पुस्तक उघडून बसतो. मी वाचते म्हणजे काय करते ते तुला ठाऊकच आहे. काल खारू जिन्यात पडली, तर कालच्या झोक्यावर त्या आईनं हनुवटीऐवजी गुडघा ठेवला आणि तो फुटला. खारू खूश.

तुझी
निरक्षर वृद्धा

९ ऑगस्ट

आई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा काकांच्या अक्षरासाठी. काका, हे पत्र तिला वाचून दाखवताना मधे मधे थांबा आणि तिला हसू देऊ नका.

आई, हे हसण्यावारी न्यायचं नाही. मी इथल्या वकिलांना भेटले. ते म्हणाले, अर्जातला मुद्दा नेमका आहे, त्या बाई नेमकं तेच बघणार. मुलीला वाचून दाखवणारं घरात कोणी आहे का? 'आहे' एवढं दिसलं की अर्जातली हवा गेली.

म्हणून एक कर. पुस्तकातला मजकूर थोडकाच आहे, पानाला दोन वाक्यं. काका रोज तुला वाचून दाखवतील, तू पाठ कर. पान उलटलं की वाक्य तोंडातून आलं पाहिजे, जसंच्या तसं. हनुवटी म्हणजे हनुवटी, गुडघा नाही. बोट अक्षरांखालून डावीकडून उजवीकडे न्यायचं. तुझी स्मरणशक्ती कशी आहे ते मला माहीत आहे. मी लहानपणी फोडलेल्या प्रत्येक कपाचा रंग तुला आठवतो. हे तुला जड नाही.

वाचता येत नाही हे त्यांना सांगायचं नाही. त्यांनी विचारलं तरीही.

मी येऊ शकत नाही. पुस्तक छपाईला जातंय आणि रोज सकाळी रंग तपासायला मला यंत्रापाशी उभं राहावं लागतं. आत्ता रजा मागितली तर जागा जाईल, आणि मग कोर्ट विचारेल, पोरीला खायला काय घालणार? तुझ्यावरच सगळं आहे.

आणि ती म्हैस नाही.

तुझी लेक

१६ ऑगस्ट

लेकी,

कंपाउंडर थांबत थांबत वाचत होते, मी मधे मधे हसत होते. दोघांनीही आपापलं काम चोख केलं.

पाठ झालं. घे: 'झोक्यावर आई मावेना. मग तिने हनुवटी ठेवली.' 'तंबूत आई मावेना. मग तिने एक कान ठेवला.' कंपाउंडर हे असं वाचतात, जसं काही हनुवटी दिवसातून तीनदा, जेवणानंतर, कोमट पाण्यातून. मीही आता तस्संच म्हणते. पोपटच झालेय मी. बोटसुद्धा फिरवते. एकदा शब्द संपले आणि बोट पुढं गेलं, तर कंपाउंडर म्हणाले, "वहिनी, तुम्ही पानाबाहेर वाचताय." (हे खरे आहे. — कंपाउंडर.)

पण तुझ्या लेकीला ते चालत नाही. पहिल्या दिवशी तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज मला शिंक आली होती. शिंकेचं कुठाय?" मी म्हटलं, पुस्तकात शिंक नाही. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पानं चाळली, परत दिलं आणि म्हणाली, "हे दुसरंच पुस्तक आहे. आपलं कुणी नेलं?"

तेव्हापासून मांडीवर बसत नाही. मी सुरू केलं की स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते. कोर्टाच्या बाई येतील तेव्हा आजी घडाघडा वाचतेय आणि नात भिंतीला चिकटून उभी, हे चित्र कसं दिसेल ते मला तरी कळतं. तू चित्रं काढणारी, तुला कळायला हवं.

बाई अजून आलेल्या नाहीत. दारावर थाप पडली की मी आधी पुस्तक धरते, मग दार उघडते. काल दूधवाल्यानं विचारलं, "आजी, परीक्षा आहे का?" परवा आत्या येऊन गेली. खारूला फ्रॉक आणला, मापाला मोठा. "पुढंही होईल," म्हणाली, म्हणजे पुढचा विचार करून आलेली. न्हाणीघरात डोकावली, जिन्याचा कठडा हलवून पाहिला. मी म्हटलं, घट्ट आहे गं, ओढू नकोस, तुझ्या अंगावर येईल.

एक विचारते. समज, कोर्ट म्हणालं की मुलीला आईकडेच पाठवा. तर तू तिला ठेवणार कुठे? तुझी खोली कशी आहे ते तू मला कधी सांगितलंच नाहीस.

तुझी आई

२१ ऑगस्ट

आई,

खारूचा हट्ट चार दिवसांचा असतो. तू ठाम राहिलीस की ती राहील. तू कच खातेस हे तिला कळतं, म्हणून ती दारात जाऊन उभी राहते. पुस्तक एकच असतं, रोज बदलत नाही, हे तिला कधीतरी कळायलाच हवं. बाकीच्या मुलांना कळतं.

मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तू मला लहानपणी एकही पुस्तक वाचून दाखवलं नाहीस. मी तक्रार केली नाही. आता एवढंच मागतेय की बाई बसतील तेवढा वेळ तरी वाचणाऱ्या बाईसारखी दिस. काकांचा चष्मा माग. चष्मा लावून हातात पुस्तक धरलेल्या बाईला कोणी 'वाचता येतं का' असं विचारत नाही.

माझी खोली चांगली आहे. खिडकी आहे, उजेड भरपूर. खारूसाठी खोलीचं चित्र काढून पाठवतेय, तिला दाखव. म्हणावं, आई इथे बसून पाणघोडी काढते.

दारावरच्या थापांबद्दल लिहीत जाऊ नकोस. इथे यंत्रापाशी उभी असते तेव्हा मला त्या ऐकू येतात.

तुझी लेक

२७ ऑगस्ट

लेकी,

आज थोडक्यात. कंपाउंडरांचा हात दुखतोय आणि माझं तोंड.

पुस्तक गेलं. काल खारूनं ते धुण्याच्या बादलीत टाकलं आणि वर माझी चादर दाबून ठेवली. काढलं तेव्हा पाणघोडीचा लगदा झाला होता. मी ओरडले नाही. विचारलं, का गं? म्हणाली, "ते आजीला दुखवतं." मी विचारलं, कुठे? तिनं माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. पाठांतर करताना माझं तोंड कसं होत असेल ते मी पाहिलेलं नाही, तिनं पाहिलंय. रात्री अंथरूण ओलं केलं. वर्षभरात पहिल्यांदा.

तू म्हणतेस मी तुला वाचून दाखवलं नाही. खरंय. तूच मला दाखवायचीस. बाजारात माझा हात धरून दुकानांच्या पाट्या वाचत चालायचीस, आणि चपलांच्या दुकानावर बँक लिहिलंय म्हणून मला खुशाल फसवायचीस. मी तसंच धरून चालायची. मला वाटत होतं, त्यात आपलं दोघींचं भागलं.

तुझं खोलीचं चित्र पाहिलं. खारूला दाखवलं आणि मग एकटी घेऊन बसले. अक्षर मला येत नाही, चित्र येतं. आणि तू खोटं लिहू शकतेस, खोटं काढू शकत नाहीस. हाताला जे दिसतं तेच तो काढतो. पलंग एक. खुंटीवर दोन जणींचे कपडे, दुसरी तुझ्यापेक्षा उंच आहे. कोनाड्यात दोन कंगवे. म्हणजे खोली अर्धी आहे. ते चालेल, अर्ध्या खोलीत पोरं वाढतात. पण आरसा काढलास, आरशाची तडा गेलेली कड काढलीस, आणि आरशाला खोचायला मी दिलेला खारूचा फोटो काढला नाहीस. तो तिथं नाहीच, म्हणून काढला नाहीस.

फोटो कुठाय?

बाई आलेल्या नाहीत. पुस्तक नसलेल्या घरात आता येतील.

आई

३१ ऑगस्ट

आई,

हे पत्र काकांनी वाचायचं आहे हे माहीत असूनही लिहितेय. काका, तुम्ही घरचेच.

फोटो पेटीत आहे, कपड्यांच्या खाली. इथे मला मूल आहे हे कोणालाच माहीत नाही. नोकरीला विचारायला आले तेव्हा साहेब म्हणाले होते, "मागचा चित्रकार घरच्या अडचणी सांगून अर्ध्यात गेला. तुमच्या मागे कोणी आहे का?" मी 'नाही' म्हटलं. तोंडातून निघून गेलं, आणि मग ते परत घेता आलं नाही. माझ्या खोलीत राहणारी बाई छापखान्यातच मुद्रितं तपासते, म्हणून तिलाही सांगितलं नाही. घरमालकीणबाईंचा नियम आहे, मुलं चालत नाहीत.

गेले सात-आठ महिने मी एका आईचं पुस्तक काढतेय आणि जेवताना सगळ्या जणी आपापल्या मुलांच्या गोष्टी सांगतात तेव्हा मी ताटात बघते. तू चेष्टा केलीस ना, पोस्टानं आई पाठवते म्हणून. ती लागली होती. सांगितलं नाही.

खारूनं अंथरूण ओलं केलं ते वाचून मी यंत्रापाशी चूक केली. आख्खा एक ताव निळा गेला.

दुसरी प्रत मिळत नव्हती. मजकुराची काळी प्लेट सगळ्यात शेवटी चढते, त्याच्या आधीचे थोडे ताव बाजूला टाकलेले होते. ते दुमडून, शिवून पाठवतेय. चित्रं सगळी आहेत, अक्षर एकही नाही. दुसरा उपाय नव्हता. पाठ केलेलं म्हण, पण बाईंकडे पान वळवू नकोस, स्वतःकडे धर. आणि चष्मा लाव.

भीती वाटते.

तुझी

६ सप्टेंबर

लेकी,

बाई येऊन गेल्या. काल, दुपारी. आता सगळं सांगते, सुतळीच्या गुंडाळीसारखं, एका टोकाकडून. तू मधे पत्र टाकून उठू नकोस.

तुझे बिनअक्षरांचे ताव त्याच्या आदल्याच दिवशी आले होते. थाप पडली तशी मी कंपाउंडरांचा चष्मा चढवला आणि दार उघडलं. येणार होती एक बाई, आल्या दोन. चष्मा किंचित खाली घेतला तेव्हा पुन्हा एक झाली. चाळिशीची, खांद्याला पिशवी, हातात लिहायची पाटी. पाणी नको म्हणाली. घर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, जिन्याचा कठडा तिनंही हलवला. मग समोर बसली.

"आजी, तुम्ही हिला वाचून दाखवता?"

"रोज," मी म्हटलं.

"कोणतं पुस्तक?"

मी तुझे ताव स्वतःकडे वळवून धरले. तिनं हात पुढं केला. देणं भागच होतं. तिनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं, सगळी उलटली.

"यात अक्षरच नाही."

"असं?" मी म्हटलं. "चष्मा नवीन आहे."

ती हसली नाही. खारू मात्र पलंगाखालून बाहेर आली आणि म्हणाली, "तो काकांचा चष्मा आहे. आजीला वाचता येत नाही."

बाईनं ते लिहून घेतलं. लेखणीचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. 

"मग आजी काय करते?" बाईनं खारूलाच विचारलं.

"सांगते. आज तुम्ही आलात, तर आज तुम्ही पण याल. खाली बसा, वर बसून ऐकू येत नाही."

बाई खाली बसली. खारू माझ्या मांडीत आली, तीन आठवड्यांनी आली, टाच घुसवून. आता मी काय करणार होते? पाठ केलेलं जिभेवर होतं, 'झोक्यावर आई मावेना,' पण पोर मांडीत होती. चष्मा काढला आणि सांगितलं. झोक्यावर आईची हनुवटी होतीच, त्यात पिशवीवाली एक पाहुणी आली, तिची पिशवीच मावेना. खारू म्हणाली, "पिशवीतला डबा तेवढा ठेवा." शाळेच्या खिडकीपाशी खारूनं बाईला विचारलं, "तुमचं काय मावलं असतं?" बाईनं विचार केला आणि म्हणाली, "बहुतेक कान." खारूनं तिचे कान निरखले आणि म्हणाली, "मावेल."

मला वाटलं, जिंकलं. म्हातारीला वाटायला काय लागतं.

मग बाईनं लेखणी बंद केली आणि खारूला विचारलं, "तुला कुणाकडे राहायचंय?"

माझं तोंड मी बंद ठेवलं. ते सोपं नव्हतं, विचार कंपाउंडरांना.

"आईकडे," खारू म्हणाली. थांबली नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आणि आजी?"

"आजी आहेच."

पोरीला आत पाठवून बाईनं मला विचारलं, मुलीची आई तिला का नेत नाही? इथं मला सहज म्हणता आलं असतं, काम संपलं की नेणार आहे. पण एक खोटं नातीनं नुकतंच चारचौघांत बाहेर काढलं होतं, दुसरं काढायला मी तिला जागा ठेवणार नव्हते. मी खरं सांगितलं. खोली अर्धी आहे, तिथं मूल चालत नाही, आणि कामावर तिनं पोर आहे हेच सांगितलेलं नाही. का सांगितलं नाही तेही सांगितलं. बाईनं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "हे लिहू ना?" मी म्हटलं, "लिहून झाल्यावर काय विचारता?"

ती गेली. काय ठरवलंय ते चेहऱ्यावरून कळलं नाही. चित्र नव्हतं, अक्षर होतं.

आई

१० सप्टेंबर

आई,

काय केलंस हे?

खारू 'आईकडे' म्हणाली हे वाचलं, आणि लगेच खालच्याच ओळीत तू माझं दार लावून टाकलंस. मी तुझ्यावर विश्वासानं लिहिलं होतं. ते तू कोर्टाच्या पाटीवर लिहवून घेतलंस. वकील म्हणतात, कोर्ट आता छापखान्यात विचारणार, नोकरी आहे का, राहायची सोय काय. ते पत्र साहेबांच्या टेबलावर पडेल आणि माझी जागा जाईल. जागा गेली की मी खारूला सांभाळू शकत नाही हे सिद्धच झालं. आत्याला काही करावं लागलं नाही, तूच केलंस.

तुला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून माझी पोर गेली. बरं वाटतंय ना?

मला सध्या पत्र पाठवू नकोस.

१५ सप्टेंबर

लेकी,

पाठवू नकोस म्हणालीस म्हणून पाठवतेय. शिव्या पोचल्या. कंपाउंडर त्यातली एक गिळू पाहत होते, पण माझे कान शाबूत आहेत.

कोर्टाचा निकाल आलाय. ऐक. मुलीनं आईकडे राहायचं. पण महिना संपायच्या आत आईनं मुलीला राहता येईल अशी जागा दाखवायची आणि नोकरीच्या ठिकाणचं पत्र द्यायचं. तसं झालं नाही तर पहिल्या तारखेला आत्या येऊन मुलीला नेईल. माझ्याबद्दल एक ओळ आहे. ती वाचताना कंपाउंडरांनी मधेच खोकला काढला, म्हणून मी ती पुन्हा वाचायला लावली. 'आजीची माया निर्विवाद आहे, परंतु ही व्यवस्था कायमची मानता येणार नाही.' बरोबर लिहिलंय बाईनं. मी कायमची नाहीच.

म्हणजे दार लागलेलं नाही. फटीएवढं उघडं आहे, आणि ढकलायचं तुला आहे. मी इथून ढकलू शकत नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी ढकललं असतं.

साहेबाला कोर्टानं सांगायच्या आत तू सांग. हाकलायचं तर हाकलेल. पण मूल नाही असं सांगून मिळवलेल्या जागेच्या जिवावर तू मुलीला कशी आणणार होतीस? तिला रोज पलंगाखाली लपवून? ती जाईल आनंदानं, पण बोलल्याशिवाय राहायची नाही.

आत्यानं पलंग घेतलाय. पांढरा, कठड्याचा. परवा खारूला फोटो दाखवून गेली. खारूनं विचारलं, "यात आजी मावेल?" आत्या म्हणाली, "आजी कशाला?" तेव्हापासून खारू माझ्या पदराला गाठ मारून झोपते. सकाळी सोडायला मला मदत लागते.

उत्तर पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

आई

२४ सप्टेंबर

आई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी साहेबांकडे गेले. फोटो घेऊन गेले, कारण तोंडातून शब्द निघणार नाही असं वाटत होतं. टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ही माझी मुलगी. त्यांनी फोटो उचलून पाहिला. मग म्हणाले, "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात." मी 'हो' म्हटलं. ते म्हणाले, "पुढचं पुस्तक मी तुम्हाला देणार होतो. ते आता दुसऱ्याला देतो. हे पुरं करा, नंतर पगारी नाही, पानामागे पैसे असं काम मिळेल." पत्र मात्र त्यांनी स्वतः टाइप करून दिलं. दार लोटताना मागून विचारलं, "वय काय तिचं?"

खोलीतल्या बाईला सांगितलं तर ती रागावली. खोटं बोलले म्हणून नाही. आठ महिने एका पलंगावर झोपून सांगितलं नाही म्हणून. घरमालकीणबाई नाहीच म्हणाल्या. मग पुस्तकं बांधणाऱ्या खात्यातल्या बाईंनी त्यांच्या शेडच्या वरची खोली दाखवली. दिवसभर कातरयंत्राचा आवाज, खळीचा वास, नळ खाली. पण खोली आख्खी आहे आणि मुलीला मनाई नाही. काल इथल्या कोर्टाचा माणूस येऊन पाहून गेला. नळ खाली आहे म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, पाणी मी भरते. त्यानं कागदावर सही केली.

आई, आत्या आता येणार नाही.

मी तुला जे लिहिलं ते परत घेता येत नाही, मला माहीत आहे. खोलीत तुझ्यासाठीही जागा आहे. खारूला घेऊन ये आणि राहा. तिला तुझ्याशिवाय झोप येणार नाही. मलाही आता येत नाही.

तुझी

२७ सप्टेंबर

लेकी,

रविवारच्या गाडीनं आम्ही निघतोय, मी, खारू आणि कंपाउंडर. त्यांनी हात दिल्याशिवाय मला गाडीत चढता येत नाही आणि मी बरोबर नसले तर त्यांना गाडीत भांडायला कोणी नसतं. (पहिले कारण खरे आहे. — कंपाउंडर.)

मी राहणार नाही. दारातून परत फिरणार. तू रागावशील, म्हणून आधीच सांगते. मी तिथं असले तर ती पडली की माझ्याकडे येईल, शिंकली की माझ्याकडे येईल, आणि तू पुन्हा कागदावर आया काढत बसशील. पहिले काही दिवस ती तुला छळेल. रात्री मला हाक मारेल. मारू दे. तिसऱ्या-चौथ्या रात्री चुकून तुला मारेल, आणि त्या वेळी मी त्या खोलीत असता कामा नये. तुला मी तुझ्या स्वतःपेक्षा जास्त दिवस ओळखते; त्या एका हाकेसाठी तू कुठवर गेलीस ते मी पाहिलंय. थंडीत येईन, तोपर्यंत तुमचं जमलेलं असेल.

काही गोष्टी लिहून घे. दूध गार चालतं, साय चालत नाही. नखं ती झोपल्यावर काप. अंधाराला भीत नाही, पण दार अर्धवट उघडं राहिलं की उठून बसते. एक तर लाव, नाहीतर पूर्ण उघड. भांडणात हरली की हसते, तेव्हा हरली असं समजू नकोस. कातरयंत्राच्या आवाजाची काळजी करू नकोस, ती त्याला नाव ठेवेल आणि मग तो तिचाच होईल. रडू आलं तर कडेवर घे, समजावू नकोस. समजावलं की ती मुद्दे काढते.

आणि एक तुझ्यासाठी. तिला घेऊन मी तुझ्या दारात उभी राहीन तेव्हा आधी तिला घे, माझ्या पाया पडायला वाकू नकोस. वाकलीस तर ती तुझ्या पाठीवर चढेल आणि मी परत फिरताना माझी पाठ तुला दिसायची राहील. मला ती वळवायला वेळ लागतो आजकाल. गुडघ्यांमुळे.

आई